तिसरं बोट

सकाळी सात वाजून सतरा मिनिटांनी तिने तिसरी पेटी पुढ्यात ओढली. पहिल्या दोन पेट्या दुसऱ्या प्राण्यांच्या होत्या, या पेटीत दीडशे नग. सगळे टी-रेक्स, सगळे हिरवे, तळहातात मावतील एवढे आणि साच्यातून आत्ताच निघाल्यासारखे कोमट.

एका नगाला तीन सेकंद मिळतात. पहिल्या सेकंदात तो टेबलावर उभा करायचा, पडला तर बाद. दुसऱ्या सेकंदात अंगठा मानेपासून शेपटीपर्यंत फिरवायचा. साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण बोटाला टोचली तर बाद. तिसऱ्या सेकंदात डोळे, दात आणि बोटं. हे काम ती अकरा वर्षं करते आहे. पास झालेल्या पेटीच्या कडेला प्रत्येक तपासनीस आपापल्या आकड्याचा शिक्का मारतो. तिचा आकडा सात.

तिसऱ्या पेटीतला पहिलाच नग तिने उचलला, फिरवला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला. मग अख्खी पेटी टेबलावर उपडी केली आणि डाव्या हाताने लाल दिव्याचं बटण दाबलं. माल पुढे आणणारा पट्टा थांबला. अकरा वर्षांत हे बटण तिने चार वेळा दाबलं होतं. ही पाचवी.

कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा. हे नाव तिला आवारातल्या पाळणाघराने दिलं. कामगारांची तीन ते सहा वर्षांची चौदा मुलं तिथे दिवसभर असतात.

लाल दिवा लागला की दर्जा विभागाचे साहेब येतात. त्यांच्या खिशात कायम पोलादी पट्टी असते, म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना पट्टीसाहेब म्हणतात. ते येऊन सात महिने झाले आहेत.

"काय झालं, मावशी?"

"बोटं तीन आहेत."

"मग?"

"दोन हवीत. नमुन्याच्या तक्त्यात दोन आहेत. डब्यात जे कार्ड घालतो त्यावरही लिहिलंय, टी-रेक्सच्या हाताला दोनच बोटं."

साहेबांनी पट्टी काढून नगाचा हात मोजला. "लांबी बरोबर आहे."

"असणारच. हात चांगलाच आहे, पण दुसऱ्याचा आहे. हा ॲलोसॉरसचा हात याला लागलाय."

शेजारच्या दोन टेबलांवर हसू फुटलं. साहेबही हसले.

"मावशी, आपण खेळणी करतो. हाडांचा दवाखाना नाही चालवत. दुकानात उभं राहिलेलं तीन वर्षांचं पोर बोटं मोजत नाही."

"मोजतं."

"कोण मोजतं?"

"आपल्याच पाळणाघरात चौदा आहेत. चला, दाखवते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, लाल दिवा स्वतःच्या हाताने बंद केला आणि पट्टा सुरू केला. जाताना सांगून गेले, "उभा राहतोय, टोचत नाहीये, डोळे जागेवर आहेत. पास करा."

तिने तिसरी पेटी पुन्हा भरली आणि टेबलाखाली सरकवली. शिक्का मारला नाही. चौथीला मारला नाही, पाचवीलाही नाही. दुपारपर्यंत टेबलाखाली जागा उरली नाही, तेव्हा पेट्या बाहेर वाटेत आल्या. येणारे-जाणारे त्यांना अडखळून शिव्या घालायला लागले.

तिचा राग त्या दिवशीचा नव्हता. तो सोळा दिवस जुना होता.

अकरा वर्षांपूर्वी या टेबलावर बसली तेव्हा तिच्या लेखी या सगळ्या पालीच होत्या. शिक्षण आठवीपर्यंतचं. मुलगी तेव्हा चार वर्षांची, याच पाळणाघरात. एका संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, तू करतेस तो काय खायचा?" तिला उत्तर येईना. येईना याचा तिला राग आला, असं ती सांगते. पुढच्या शनिवारी ती सार्वजनिक वाचनालयात गेली. मुलांसाठीचा एक जाडजूड ज्ञानकोश तिथल्या बाईंनी काढून दिला, घरी न्यायची परवानगी मात्र दिली नाही. मग सोळा शनिवार ती तिथेच बसली. दात कोणाचे कसे, कोण दोन पायांवर चालायचा, कोणाच्या पाठीवर हाडांचे उभे तक्ते होते, हे सगळं तिने मुलीच्या जुन्या वहीत उतरवलं. मुलगी मोठी होऊन शाळेत गेली, पण आईचं पाळणाघरात जाणं थांबलं नाही.

तपासणी विभागाची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. डबा ती दहा मिनिटांत संपवते. उरलेली वीस मिनिटं पाळणाघराची.

आधीच्या साहेबांच्या परवानगीने बाद नगांतले काही तिथे जमले होते. शेपूट नसलेला एक लांबमान्या, एकच शिंग आलेला ट्रायसेरॅटॉप्स, चुकून गुलाबी रंगात निघालेला स्टेगोसॉरस. सहा वर्षांत एकतीस झाले. प्रत्येक नग तिने आधी सगळ्या बाजूंनी ओढून पाहिला होता आणि कडा काचपेपरने घासल्या होत्या. ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायचे. त्यांचा एक खेळ होता. मुलाने डोळे मिटायचे, हात खोक्यात घालायचा, एक धरायचा आणि न बघता सांगायचं, कोण आहे आणि काय खातो. तीन वर्षांचं पोरही आठवड्याभरात तक्ते आणि शिंगं ओळखायचं. शेपूट नसलेला कोणाच्या हाती आला की सगळे एकदम सांगायचे, "त्याला भिंतीला टेकवा." तो एकटा उभा राहत नसे.

डायनोसॉर दाखवायचा म्हणजे मोठी माणसं डरकाळी फोडतात. ती कधी फोडत नाही. "आवाज कसा होता ते कोणाला नक्की माहीत नाही," ती म्हणते. "जे माहीत नाही ते पोरांना का सांगायचं?"

सोळा दिवसांपूर्वी ती साडेबारानंतर पाळणाघरात गेली तेव्हा खोकं नव्हतं. त्याच्या जागी भिंतीवर टीव्ही होता. त्यात एक जांभळा टी-रेक्स उभा राहून दात घासत होता आणि गात होता.

मुलं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आजी म्हणतात. आजी म्हणाल्या, "सकाळी साहेब आले, खोकं उचलून घेऊन गेले. मला काय विचारतेस? मला कोणी विचारलं?"

बाद नग मोडून त्यांचे बारीक दाणे करण्याचं यंत्र आवाराच्या टोकाला आहे. ते चालवणाऱ्याचं नाव दळणवाला. ती तशीच तिकडे गेली.

"किती वेळ लागला?"

"कशाला, मावशी?"

"एकतीस नगांना."

"चार मिनिटं." तो जमिनीकडे बघत होता. "मी आत काय टाकतोय ते बघितलं नाही. खरंच."

"बघायला हवं होतंस. निदान कोणीतरी बघायला हवं होतं."

साहेबांचं कारण खोटं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. बाद नग कारखान्यात मोकळे फिरू द्यायचे नाहीत, असा माल घेणाऱ्या कंपनीचा नियम आहे. तडा गेलेल्या नगाचा तुकडा निघू शकतो, लहान मूल तो तोंडात घालू शकतं. हे तिला कोणी सांगायची गरज नाही, ते पकडणं हीच तिची नोकरी आहे. साहेबांनी एका शब्दाने विचारलं असतं, तर तिने एकतीसच्या एकतीस नगांची परीक्षा त्यांच्यासमोर पुन्हा घेतली असती. विचारलं नाही. आणि ज्या माणसाने चौदा मुलांच्या घशाची एवढी काळजी केली, तोच माणूस सोळा दिवसांनी म्हणतो, पोरं बोटं मोजत नाहीत. हे तिच्या डोक्यातून जाईना.

त्या बुधवारी साडेबाराला तिने अर्धाच डबा खाल्ला. पाळणाघरात जाऊन टीव्ही बंद केला. खडूने जमिनीवर टी-रेक्सच्या पावलाचा ठसा काढला, खरा असायचा तेवढा, तीन बोटांचा, तिच्या हाताहून लांब. चार मुलं त्यात दाटीवाटीने उभी राहिली.

"पुसायचं कोणी?" आजी.

"मी पुसते."

"मागच्या वेळीही तूच पुसणार होतीस."

पाच वर्षांची एक मुलगी आहे, तिचं नाव आजींनी प्रश्नपत्रिका ठेवलं आहे. ती ठशाबाहेर उभी होती.

"मावशी, बिनशेपटीचा कुठे गेला?"

"यंत्रात घातला. दाणे केले त्याचे."

"का?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"त्यांना तो आवडत नव्हता?"

"त्यांनी तो पाहिलाच नाही."

आजींनी डोळे वटारले. लहान मुलांना असं कोणी सांगतं का, असा त्याचा अर्थ. मावशीने लक्ष दिलं नाही.

"पायाला बोटं तीन, बघितलीत ना? आता हाताला किती?"

चौदा हात वर गेले. दोन-दोन बोटं. एका तीन वर्षांच्या मुलाला दोन बोटं नीट काढता येत नव्हती, तो दुसऱ्या हाताने उरलेली दाबून धरत होता.

कामावर परतताना तिला वाटेत साचेवाल्याने गाठलं. साचे बसवणं आणि साफ करणं हे त्याचं काम. मोठ्या साच्यात हातांसाठी लहान बदलते तुकडे असतात. ते काढून धुतात, ट्रेमध्ये वाळवतात आणि परत बसवतात. टी-रेक्स आणि ॲलोसॉरसच्या तुकड्यांची बैठक सारखीच, त्यामुळे एकाचा दुसऱ्यात अगदी घट्ट बसतो.

"मावशी, चूक माझी आहे," तो म्हणाला. "सोमवारी ट्रे शेजारी शेजारी ठेवले होते. बारा हजार नग निघाल्यावर माझ्या लक्षात आलं."

"मग सांग ना साहेबांना."

"सांगितलं की घरी पाठवतील."

"नाही सांगितलंस तर?"

"मावशी, तुम्ही माझं नाव घेऊ नका."

"नाही घेणार. पण एक ऐक. तू चुकलास याचा मला राग नाही. ट्रे माझ्याही हातून बदलले असते. उद्या सकाळी तू तोच हात परत लावशील, त्याचा राग आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोच हात लावला.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा बस चालवतो आणि साडेपाचला घरी येतो. मुलगी आता पंधरा वर्षांची. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावलेलं आहे, त्यामुळे तिघं बसली की एकाला भिंतीकडे तोंड करावं लागतं. त्या संध्याकाळी तिने ती जागा आपणहून घेतली.

"एका बोटासाठी?" नवऱ्याने विचारलं.

"हात दोन आहेत. दोन बोटं."

"बरं, दोन बोटांसाठी."

"आई," मुलगी म्हणाली, "ते मेलेत. साडेसहा कोटी वर्षं झाली. तू अजून त्यांच्याकडून भांडतेयस."

"मी त्यांच्याकडून नाही भांडत. ते काही माझ्याकडे बघून हात वर करत नाहीत."

नवरा समजुतीने बोलायला गेला. "माझ्या बसला एकदा उजवीकडचा आरसा डावीकडे लावून दिला होता. मी महिनाभर तशीच चालवली."

"मग?"

"काही झालं नाही."

"म्हणूनच मागचं काही दिसत नाही तुम्हाला."

मुलीला हसू आलं. नवऱ्यालाही आलं, पण जरा उशिरा. मग त्याने तो प्रश्न विचारला जो त्याला आल्यापासून विचारायचा होता. "काढून टाकतील?"

"काढणार नाहीत. दुसरीकडे टाकतील."

"मग टाकू दे की. पगार तोच ना?"

ती उठली आणि भांडी घासायला लागली. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे तिला माहीत होतं आणि तिथली जेवणाची सुट्टी कधी असते हेही.

गुरुवारी सकाळी अकराला साहेबांनी बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि काचेच्या कपाटात कारखान्याने आजवर काढलेल्या प्रत्येक खेळण्याचा एकेक नग. तिला बसा म्हणाले. ती बसली.

"मावशी, माल उद्या निघतोय. बाकीच्या टेबलांनी शिक्के मारलेत. तुमच्या चाळीस पेट्या वाटेत पडून आहेत."

"त्रेचाळीस."

"तुम्हाला पाळणाघराची आवड आहे, मला माहितीये. त्या खोक्याचं झालं ते… सांगायला हवं होतं, मान्य. मी पोरांना पूर्ण संच देतो. नवीन, पास झालेले, बारा प्राणी. तुमची सुट्टी तुमची, रोज जा. मी आडवा येणार नाही." त्यांनी कपाटातून एक टी-रेक्स काढून तिच्यासमोर ठेवला. नव्या मालातला, तीन बोटांचा. "फक्त शिक्का मारा."

तिने त्या नगाच्या हातावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "हा पण संचात आहे?"

"अर्थात. हाच तर सगळ्यांना आवडतो."

"आणि डब्यातलं कार्ड? त्यावर दोन लिहिलंय."

"ते केलं." साहेबांनी खणातून एक कार्ड काढलं. शाई नवी होती. टी-रेक्सचं चित्र होतं, वजन होतं, दातांची लांबी होती. हाताबद्दलची ओळ नव्हती. "ओळच काढून टाकली. आता काही चूक राहिली नाही."

असा राग तिला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. खोकं गेलं तेव्हा ती दळणवाल्यावर ओरडली नव्हती, इथेही आवाज चढला नाही. हात मांडीवर होते, ते तिने टेबलावर ठेवले.

"हाताचा तुकडा बदलायला एक तास लागतो, साहेब. कार्ड नव्याने छापायला किती लागला?"

"एक अख्खा दिवस. का?"

"म्हणजे काल मी दिवा लावला तेव्हाच तुम्हाला पटलं होतं. तेव्हाच छापायला दिलंत. एका तासात जे नीट झालं असतं, ते झाकायला तुम्ही अख्खा दिवस घालवलात. आणि मला म्हणालात पोरं मोजत नाहीत."

"मावशी, बारा हजार नग दळायचे का मी?"

"एकतीस दळताना चार मिनिटं लागली तुम्हाला."

साहेबांनी पट्टी टेबलावर सरळ करून ठेवली. मघाचं गोड बोलणं संपलं होतं. "शिक्का मारणार की नाही?"

"नाही."

"मग तपासणीला तुमचं काम नाही. पॅकिंगला जा. आत्ताच."

तिने एप्रनच्या खिशातून आपला सातचा शिक्का काढला आणि त्या टी-रेक्सच्या शेजारी ठेवला. "माझ्यामागे हा कोणाला देऊ नका," ती म्हणाली. "पेटी फोडून कोणी बघितलं तर त्यांना वाटेल मी पास केलंय."

दारात थांबून ती अजून एक वाक्य बोलली. "तो संच पाठवणार असाल तर पाठवा. मी पोरांना सांगेन हा चुकलाय, आणि कसा चुकलाय तेही."

संच आला नाही.

पॅकिंगच्या लांब टेबलावर तिला कार्ड घालण्याचं काम मिळालं. उघडा डबा समोर येतो, त्यात नव्या शाईचं कार्ड सरकवायचं, झाकण लावायचं. मिनिटाला चौदा. समोरची बाई पहिल्याच तासात म्हणाली, "इथे बरं आहे हो, डोळ्यांना ताण नाही. कोणाची बोटं मोजायची भानगड नाही."

"मोजून झालीत माझी," ती म्हणाली.

पॅकिंगची जेवणाची सुट्टी दीड ते दोन. दीडला ती डबा न उघडताच पाळणाघराच्या दाराशी गेली. बाहेर चपलांचे चौदा जोड होते. पडदे ओढलेले. आजींनी ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर आल्या.

"सव्वाला झोपवलं. पावणेतीनशिवाय उठत नाहीत, तुला ठाऊक आहे."

"आहे."

"ती प्रश्नपत्रिका साडेबारापासून दाराशी उभी होती. मावशी का नाही आली, कोणी नेली, तिलाही यंत्रात घातली का." आजींनी पदराने मान पुसली. "मी म्हटलं, नाही गं, तेवढं मोठं यंत्र नाहीये."

"टीव्ही लावला होता?"

"लावला होता. म्हणाली, टी-रेक्स खरंच गायचा का? मी म्हटलं, मला काय विचारतेस." मग आवाज खाली आणून, "मारायचास की शिक्का. पोरांसाठी तरी."

"पोरांसाठीच नाही मारला."

"त्यांना काय कळणार आहे ते."

"आजी, तुम्ही पण?"

आजी वळून आत गेल्या. दार हळू लावलं, पण लावलं.

कामाच्या पाळ्यांची नोंद ठेवणारा कारकून फाटकाशेजारच्या खोलीत बसतो. पाच वाजता सुटताना ती त्याच्या खिडकीशी गेली. तिचं नाव त्याने तपासणीच्या पानावरून खोडून पॅकिंगच्या पानावर आधीच लिहिलं होतं.

"पॅकिंगची पाळी आठची ना?"

"आठची. मावशी, तासभर जास्त झोपायला मिळेल तुम्हाला."

"फाटकातून आत कधी सोडता?"

"पावणेआठ."

"साडेसातला आले तर?"

"बाहेर उभं राहावं लागेल. पावणेआठच्या आधी पॅकिंगच्या कोणाला सोडत नाही, नियम आहे. साहेब तुमच्यावर जरा… म्हणजे मला नका अडकवू."

"आणि पावणेआठला आत आल्यावर आठपर्यंत कुठे बसायचं, त्याचा नियम आहे?"

कारकुनाने भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "त्याचा नाहीये. आवारात कुठेही."

"पाळणाघर आवारात येतं?"

"येतं की."

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "वीस होती."

तो म्हणाला, "पाच मिनिटांनी काय होतंय, मावशी?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वही मिटली.

उद्या शुक्रवार. पाळणाघर पावणेसातला उघडतं आणि मुलांना दूध आठ वाजता देतात. पॅकिंगच्या माणसांसाठी फाटक पावणेआठला उघडतं.